चावीवाल्याबरोबर तीन तळी

आमचे बाबा चावीवाले. कुलपाच्या चाव्या करणारे नव्हेत. मुंबईत पहाटे गल्लीत येऊन, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, इंग्रजी टीच्या आकाराची लांब चावी खाली घालून पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवतो, तो चावीवाला. बाबांनी हे काम लालबाग-परळच्या गल्ल्यांत तेहतीस वर्षं केलं. कुठल्या गल्लीला किती आटे, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी पावसाळ्यात पेपर हातात आला की आधी तलावांची आकडेवारी. सातही तलाव काठोकाठ भरले की १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर, हा आकडा त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे.

२०२४च्या जूनमध्ये दहा टक्के पाणीकपात चालू होती, तेव्हा मी सहज विचारलं, "बाबा, यातलं कुठलं तळं तुम्ही पाहिलंय?"

पेपर खाली न घेता म्हणाले, "आपला संबंध व्हॉल्व्हच्या अलीकडचा."

म्हणजे एकही नाही.

भातसा, वैतरणा, तानसा लांब. पण विहार आणि तुळशी तर मुंबईच्या हद्दीतच आहेत. तिसरं पवई, ते त्या सातांत मोजत नाहीत, पण बांधलं होतं पाण्यासाठीच. ठरवलं, तीन दिवसांत ही तीन तळी करायची. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून चढण नाही, घाई नाही, जेवढं पायी जमेल तेवढं पायी. मुक्काम गोरेगावला आत्याकडे. सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार, शनिवार, रविवार धरला. आत्याने फोनवर हरकत घेतली, "पितृपक्षात कुठे निघालात फिरायला?" बाबा म्हणाले, "नवमी झालीय. तुझ्या वहिनीचं पान वाढलं, कावळा लगेच शिवला. तिची परवानगी आहे."

पहिला दिवस, शुक्रवार: पवई

निघायच्या दोन दिवस आधी, बुधवारी संध्याकाळी, मुंबई अशी तुंबली की गुरुवारी शाळांना सुट्टी द्यावी लागली. शुक्रवारी सकाळी करी रोडला गाडीत बसलो तेव्हा आभाळ काळंच होतं, पण थेंब नव्हता. कांजूरमार्गला उतरून रिक्षा केली आणि साडेसातला तळ्यावर.

पवईला काठाकाठाने फरसबंद वाट आहे. एका बाजूला झाडं आणि पाणी, दुसऱ्या बाजूला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची न थांबणारी वाहतूक. सुरुवातीला हॉर्नचा त्रास होतो, पण दहा मिनिटांत कान आपोआप पाण्याकडच्या बाजूला वळतात. चाल अगदी सपाट. पहाटेचे चालणारे परतत होते, त्यांच्यातल्या एका आजोबांनी बाबांची काठी बघून आपली काठी वर उचलून सलाम केला. बाबांनीही केला. ओळख वगैरे काही नाही.

तळ्याचा बराच भाग जलपर्णीने झाकलेला होता. हिरवंगार, मधे मधे जांभळी फुलं. लांबून कोणाला वाटेल काय सुंदर. जवळ गेलं की कळतं, हे सांडपाण्यावर पोसलेलं वैभव आहे. जिथे नाला मिळतो तिथे नाकाला रुमाल लावावा लागतो. तरी पक्ष्यांना त्याचं काही नाही. एक कमळपक्षी पानांवरून असा चालत होता की जणू खाली पाणी नाहीच. लांबच लांब बोटं पसरून, एकेक पान पारखून. बाबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "वजन वाटून टाकतोय. एका जागी भार देत नाही."

कठड्याशी गळ टाकून एक काका बसले होते. बाजूला पिशवीत कणकेचे गोळे.

"काय लागतं?" मी विचारलं.

"आज जलपर्णी लागली. दोनदा." मग बाबांना जागा करून दिली. गप्पा निघाल्या. काका गिरणीत होते, संपानंतर इकडे पवईला आले. गिरणी कुठली, चाळ कुठली, पाणी किती वाजता यायचं, असं करत करत बाबांनी शोधून काढलं की काकांच्या जुन्या चाळीचं पाणी तेच सोडायचे. काकांनी गळ बाजूला ठेवला. "म्हणजे साडेचारला यायचं ते तुम्ही?" "चार पंचवीसला," बाबा म्हणाले. "वर चढायला पाच मिनिटं." काका म्हणाले, "आमच्या मजल्यावर करंगळीएवढी धार यायची." बाबा म्हणाले, "तळमजल्यावाल्यांनी मोटर लावली होती. मी दोनदा सांगितलं होतं." चाळीस वर्षांनी, पवईच्या कठड्यावर, हा खटला निकाली निघाला.

काकांनीच समोर बोट दाखवलं. "ती बघा, मगर."

बाबांना पटेना. "ओंडका आहे तो."

"ओंडकाच म्हणा," काका म्हणाले.

आम्ही वडापाव खाल्ला, कटिंग घेतला, पुन्हा तिथे आलो. वीस मिनिटं झाली असतील. ओंडका नव्हता. बाबा काठावरून दोन पावलं मागे सरकले आणि त्यानंतर मगरीचा विषय त्यांनी काढला नाही.

पवईची गोष्ट मला फार गमतीची वाटते. १८९१ साली हे तळं पाण्यासाठी बांधलं. विहार आणि तुळशी आधी झालेले, शहराची तहान वाढलेली, म्हणून हे तिसरं. आणि थोड्याच वर्षांत कळलं की पाणी पिण्याजोगं नाही. तेव्हापासून ते कारखान्यांना वगैरे जातं. काठावरच्या सायकल ट्रॅकचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ साली न्यायालयाने ते बांधकाम बेकायदा ठरवलं, तेव्हा पवई पुन्हा पेपरात आलं होतं. बाबांचं मत एका वाक्यात: "बदली झालेला माणूस आहे. पगार चालू, काम नाही."

जाणार असाल तर कामाच्या दिवशी सकाळी जा. रविवारी गर्दी आणि ब्लूटूथ स्पीकर दोन्ही असतात. उन्हाळ्यात टोपी हवीच. काठावर पाय सोडून बसू नका, मगरी खरोखर आहेत. स्वच्छतागृहाची सोय स्टेशनवरच उरकून घेतलेली बरी.

दुपारी गोरेगावला जाताना जोडरस्त्यावर दीड तास गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्यांनी तो भोगलेला आहे.

दुसरा दिवस, शनिवार: आरे, छोटा काश्मीर आणि पाडा

रात्रभर पाऊस पडून गेलेला. सकाळी आत्याच्या खिडकीतून समोरची टेकडी ढगात होती. आत्याने डब्यात थालीपीठं दिली आणि बाबांना दोनदा सांगितलं की वाघ दिसला तर पळायचं नाही. बाबा म्हणाले, "पळायला गुडघा कुठाय?"

गोरेगाव पूर्वेहून रिक्षाने आरेत शिरलं की पहिली पाच मिनिटं अंगावर काटा येतो. आत्ता आत्तापर्यंत गर्दी होती, ती कुठे गेली? रस्त्यावर दोन्हीकडून झाडांची कमान, तापमान दोन-तीन अंशांनी उतरलेलं, आणि शेणाचा वास. हो, शेणाचा. आरे ही मुळात दूध वसाहत. १९४९ साली शहरातले तबेले बाहेर काढून म्हशींना इथे आणलं. अजूनही पत्ते 'युनिट नंबर'वर चालतात, आणि ते युनिट म्हणजे गोठ्यांचं. हे उभं करणारे दारा खुरोडी. १९६३चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळाला. बाकी दोघांची नावं लोकांना माहीत असतात, खुरोडींचं मात्र आरेत राहणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

छोटा काश्मीर हे नाव ऐकून फार अपेक्षा ठेवू नका. लहानसं तळं, भोवती बाग, बोटी. पण पावसाळ्याच्या शेवटी, सकाळी आठला, पाण्यावर धुकं असताना ते खरंच गोड दिसतं. आम्ही बोटीत बसलो नाही. बाबांना पाण्यात बसण्यापेक्षा पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्यात रस. तळ्याला फेरी मारायला आम्हाला अर्धा तास लागला, म्हणजे तुम्हाला पंधरा मिनिटं. खंड्या दिसला, पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसले. एका झाडाखाली कॉलेजची मुलगी फोनवर रडत होती, आम्ही वाट बदलली.

तिथून पुढे डांबरी रस्ता सोडून पायवाटेला लागलो. माझ्या ऑफिसात काम करणारी एक मुलगी आरेतल्या पाड्यातली आहे, तिच्या आजीकडे जेवायला जायचं ठरलं होतं. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण मागे एका पाड्याचं नाव असंच पसरलं आणि पुढच्या रविवारी लोक फोन उंचावून थेट लोकांच्या अंगणात. आरेत असे सत्तावीस पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी. म्हशी यायच्या कितीतरी आधीपासूनचे.

वाट सोपी, पण ओली. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, मधे उंबर, पळस, ताड. कोळ्यांची जाळी चेहऱ्याला चिकटत होती, म्हणून मी पुढे काठी हलवत चालले. अर्ध्या वाटेत बाबा थांबले. खाली बघत म्हणाले, "याने तोंड उघडलं." त्यांच्या बुटाचा तळ पुढून सुटला होता. नोकरीतले बूट, तेरा वर्षं माळ्यावर ठेवलेले, या सहलीसाठी खास काढलेले. प्रत्येक पावलाला फट्, फट्. पंधरा मिनिटं आमची वरात अशीच चालली. पाड्याच्या तोंडाशी दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याने आवाज ऐकला, बूट बघितला, काही न बोलता घरात गेला आणि तांब्याची बारीक तार घेऊन आला. तळाला चार भोकं पाडून तार अशी आवळली की पुढचे दोन दिवस बूट हलला नाही. पैसे घेईना. थालीपीठ घेतलं.

आजींचं घर शेणाने सारवलेलं, वर पत्रा. अंगणात वेलावर काकड्या, कुडाला टेकवलेली जाळी. जेवण होतं तांदळाची भाकरी, करटोल्यांची भाजी, सुकटीची चटणी आणि मुठ्यांचा रस्सा. मुठे म्हणजे ओढ्यातले खेकडे. आदल्या रात्री बॅटरी घेऊन पकडलेले. आजींनी विचारलं, "पितृपक्ष हाय, खाता ना?" बाबा म्हणाले, "आमच्याकडे चालतं." मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्याकडे चालत नाही. पण रस्सा असा होता की आईनेही समजून घेतलं असतं. पाट्यावर वाटलेली मिरची-लसूण, त्यात खेकड्याच्या पायांचा ठेचून गाळलेला रस. पहिल्या घासाला काहीच तिखट लागत नाही. तिसऱ्या घासाला कान गरम होतात.

जेवताना वाघाचा विषय निघणारच होता. वाघ म्हणजे बिबट्या, इथे सगळे वाघच म्हणतात. आजी म्हणाल्या, कोंबड्या रात्री घरात घ्यायच्या, पोरांनी अंधारात एकटं जायचं नाही, आणि रात्री कामावरून येणारी पोरं मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून येतात. "त्याला कळलं पायजे माणूस येतोय म्हणून. कळलं का तो बाजूला होतो." पाड्याच्या कडेला वाघोबा आहे. शेंदूर फासलेला दगड, समोर नारळाच्या करवंट्या. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याचा मान असतो. आमच्याकडे त्या दिवशी वसुबारस, गाय-वासराची पूजा. इथे त्याच दिवशी, जो गाय खाऊ शकतो त्याची. मला हे फार आवडलं.

जेवण झाल्यावर बाबा उठले ते सरळ अंगणाबाहेरच्या नळाकडे गेले. सात-आठ घरांत एक नळ, पुढे निळ्या पिंपांची रांग. त्यांनी तोटी उघडली, पाणी नव्हतं. मग वाकून कान पाइपाला लावला. आजी हसायला लागल्या. "डॉक्टर हायेत काय?"

"किती वाजता येतं?"

"सकाळी. कधी तासभर, कधी त्याच्याही आत जातं."

"धार?"

आजींनी करंगळी दाखवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण आम्हा दोघांनाही पवईचे काका आठवले होते.

"अर्ज दिलाय?"

"लई दिलेत."

बाबा पाइप कुठून येतो ते बघत बघत पन्नास पावलं जाऊन आले. एका सांध्याशी झिरपत होतं. त्यांनी तिथे चिंधी आणि प्लास्टिक बांधलं, आणि आजींच्या नातवाला दाखवलं की पुन्हा सुटलं तर कसं आवळायचं. त्याने काय मोठा फरक पडणार. पण परत आले तेव्हा हात पुसत जरा ताठ चालत होते.

मग आजी म्हणाल्या, "तुम्हाला विहार बघायचा ना? चला." पाड्यामागे लहानसं टेकाड आहे, पाच मिनिटांची चढण, बाबांनी दहा मिनिटांत केली. वर गेल्यावर आधी काहीच दिसेना, नुसती झाडी आणि ढग. आजी म्हणाल्या, "थांबा." आम्ही थांबलो. पाऊस भुरभुरायला लागला, मी छत्री उघडली, बाबांनी घेतली नाही. मग समोरचा ढग हलला आणि दोन झाडांच्या फटीतून एक रुपेरी पट्टी दिसली. हाताच्या रुंदीएवढी. पलीकडे जंगल, त्याच्या पलीकडे मुलुंडकडच्या इमारती.

"हाच?" बाबा म्हणाले.

हाच विहार. १८५६ साली काम सुरू झालं, हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअरची योजना. १८६० साली पूर्ण झालं. त्याआधी मुंबई विहिरींवर आणि टाक्यांवर जगत होती. नळाचं पाणी म्हणून जे काही या शहराने पहिल्यांदा पाहिलं, ते इथलं. मिठी नदीही इथूनच निघते. आज विहारचं पाणी रोज साधारण नऊ कोटी लिटर, तुळशीचं एक कोटी ऐंशी लाख. शहराला रोज पुरवतात ३८५ कोटींच्या आसपास. म्हणजे समुद्रात चमचा. हे सगळं बाबांनीच मला सांगितलं, आकडे बोटांवर मोजत, नजर त्या पट्टीवरून न हलवता. जवळ जायची सोय नाही. पिण्याचं पाणी आणि वर जंगल, त्यामुळे परवानगीशिवाय कोणाला सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पवईला सगळ्यांना सोडलं त्याचं काय झालं ते आदल्या दिवशी नाकाने बघितलं होतं.

आजी म्हणाल्या, "आम्हाला रोज दिसतो." मग थोड्या वेळाने, "दिसतो खरा."

ढग परत आला. उतरलो. निघताना आजींनी तांब्यात पाणी दिलं. विहिरीचं. बाबांनी एक घोट तोंडात धरला, मग गिळला. म्हणाले, "गोड आहे." त्यांच्या तोंडून पाण्याला मिळालेली ही सर्वोच्च पदवी.

आरेत जाणाऱ्यांसाठी: अंधार पडायच्या आत बाहेर या, सहाच्या आसपास निघालाच पाहिजे. पाड्यात ओळखीशिवाय शिरू नका. ओळख असेल तर आदल्या दिवशी सांगून जा आणि जेवणाचे नीट पैसे द्या, 'प्रेमाने दिलं' वगैरे मनात आणू नका. पायात ग्रिप असलेली चप्पल किंवा बूट, आणि ते तेरा वर्षं जुने नसावेत.

तिसरा दिवस, रविवार: बोरिवली, कान्हेरी आणि न दिसलेलं तुळशी

बोरिवली नॅशनल पार्क. अधिकृत नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, पण रिक्षावाल्याला 'नॅशनल पार्क' एवढंच सांगायचं. साधारण १०४ चौरस किलोमीटर जंगल, आणि तुळशी त्याच्या अगदी पोटात.

आत बसने कान्हेरीला गेलो. सायकली भाड्याने मिळतात, तरुण असाल तर त्याच घ्या. वाटेत नदीवरचे पूल लागतात. ही दहिसर नदी, तुळशी तलावापाशी उगम पावणारी. पुढे शहरात तिचं काय होतं ते दहिसरकरांना विचारा, पण इथे ती खडकांवरून उड्या मारत, तळ दिसेल इतकी स्वच्छ वाहते. बाबा परतीच्या वेळी इथे उतरायचं असं बसमध्येच ठरवून मोकळे झाले.

कान्हेरीला आम्ही १०९ लेण्यांपैकी फार तर आठ-दहा पाहिली. चैत्यगृह, त्यातल्या त्या दोन उंच बुद्धमूर्ती, दरबार हॉल. या सगळ्यावर भरपूर लिहिलेलं आहे, ते वाचा. मी लिहिणार आहे ते एका चरीबद्दल.

जवळपास प्रत्येक लेण्याच्या बाजूला पाण्याचं टाकं आहे. जमिनीत खोदलेलं, वर चौकोनी तोंड. त्या आठवड्याच्या पावसाने सगळी टाकी भरलेली होती. मी पुढे निघाले होते, बाबा मागे राहिले. परत येऊन बघते तर ते कातळावर उकिडवे बसलेले, गुडघ्याची पर्वा न करता, आणि खडकात कोरलेल्या बोटभर चरीतून बोट फिरवत होते. वरच्या उतारावरून ती चर येत होती, दुसरी तिला मिळत होती, मग एक छोटा खळगा, आणि खळग्यातून पाणी टाक्यात.

"हा खळगा कशाला असेल सांग."

मला माहीत नव्हतं.

"गाळ. गाळ इथे बसतो, वरचं पाणी पुढे जातं." मग चरीवर हात ठेवला. "उतार बघ. जास्त दिला असता तर पाणी उडी मारून बाहेर पडलं असतं. कमी दिला असता तर शेवाळ धरलं असतं."

लेणी इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं खोदली जात होती. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत 'पोढी' हा शब्द येतो, म्हणजे पाण्याचं टाकं. सोपारा, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी लेणी दिली, तशी कोणी कोणी पोढी दिली, आणि तसं कोरून ठेवलं. मी हे सांगितल्यावर बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "पोढी. पोढी." मग विचारलं, "आणि खोदणाऱ्याचं नाव?"

दिलेल्यांची नावं आहेत, असं मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.

वरच्या बाजूच्या उतारावर त्या दिवशी खरी लॉटरी लागली. कारवी फुलली होती. आठ वर्षांतून एकदा फुलणारं झुडूप. मुंबईच्या डोंगरांत २००८, २०१६ आणि मग २०२४. एरवी कारवी म्हणजे कुडाच्या भिंतीला लागणाऱ्या काटक्या. आणि आता पूर्ण उतार निळसर जांभळा, मधमाश्यांचा एकसारखा आवाज. जवळून बघितलं तर फूल नाजूक, तळहातावर घेतलं तर वजन नाही, आणि बोटाला काहीतरी चिकट लागतं. तिथे उभ्या असलेल्या एका बाई सांगत होत्या की त्या फक्त यासाठी नागपूरहून आल्यात. आम्ही तर योगायोगाने आलो होतो, त्यामुळे मला जरा अपराधी वाटलं. बाबांनी बोटांवर मोजलं. "पुढच्या वेळी मी एकोणऐंशी."

"तेव्हा येऊ."

"त्याच्या आधी गुडघा बदलून घ्यावा लागेल."

तुळशी तलाव काही दिसला नाही. तिकडे जाणारा रस्ता बंद, फाटकावर रक्षक. मी वडिलांच्या नोकरीचं सांगून बघितलं. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मी इथे चार वर्षं आहे. मलापण फाटकाच्या अलीकडचीच ड्युटी." बाबा एवढे हसले की रक्षकही हसायला लागला, कारण न कळता.

परतताना नदीवर उतरलो. जिथे बाकीचे लोक बसलेले होते तिथेच, कडेला. बाबांनी तारेचा बूट काढला, पॅन्ट दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पायाजवळच्या दोन दगडांपैकी एक काठीने जरासा सरकवला, तशी पलीकडून जाणारी धार इकडे वळली. पुन्हा जागेवर ठेवला, धार बंद. बाजूला एक चार-पाच वर्षांची मुलगी बघत होती. तिने विचारलं, "आजोबा, अजून एकदा?" त्यांनी अजून एकदा केलं. मग अजून एकदा. तिची आई हाक मारून थकली.

पार्कसाठी एवढं लक्षात ठेवा: सोमवारी बंद. सकाळी लवकर पोचा, अकरानंतर रविवारी जत्रा असते. कान्हेरीचं तिकीट वेगळं. माकडं पिशवीची चेन उघडतात, हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे खाणं हातात धरून फिरू नका. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या असतात, काठी असलेली बरी. आतल्या जंगलवाटा वाटाड्याबरोबरच करता येतात, त्यासाठी प्रवेशद्वाराजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात आधी चौकशी करा. नदीत पोहायला उतरू नका, वर पाऊस झाला की पाणी सांगून येत नाही.

परत

रविवारी रात्री लालबागला आलो. पाय दुखत होते, कपडे धुवायला टाकले, आत्याला पोचल्याचा फोन केला. पेपर तीन दिवसांचे साठले होते. बाबांनी तिन्हींतली आकडेवारी क्रमाने वाचली. तिन्ही दिवस तलाव नव्व्याण्णव टक्क्यांच्या जवळपास.

सोमवारी पहाटे मला जाग आली ती खालच्या आवाजाने. झाकण सरकल्याचा, मग चावीचा. कट्ट, कट्ट. दर अर्ध्या फेऱ्याला हात बदलताना तो आवाज होतो. बाबा अंधारात खिडकीशी उभे होते, गज धरून.

"काय झालं?"

त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. आवाज थांबला. झाकण परत बसलं. नव्या पोराची सायकल पुढच्या गल्लीत वळली.

"अठरा आटे हवेत," बाबा म्हणाले. "सोळाच फिरवले."

मग चादर डोक्यावरून घेऊन झोपले. आमच्या मजल्यावर त्या दिवशी पाणी वीस मिनिटं उशिरा चढलं.